न दाखवलेली दुरुस्ती

आमच्या गटाचं नाव 'चौकट'. एकशे बारा माणसं आहोत आणि सगळी एकाच माणसापायी जमलेली, एका जुन्या जपानी दिग्दर्शकापायी. दर रविवारी दुपारी चार वाजता आम्ही आपापल्या घरी त्याचा एक कृष्णधवल सिनेमा एकाच क्षणी सुरू करतो आणि मग आठवडाभर फोनवर त्याबद्दल लिहीत बसतो. निम्म्यांनी एकमेकांचं तोंडही पाहिलेलं नाही. एक चष्मेवाला आहे, तो कुठल्याही गंभीर चर्चेत काडी टाकतो. सिनेमाचं संकलन शिकणारी एक मुलगी आहे, तिनं स्वतःचं नाव 'कात्री' ठेवलंय. मी 'बाई', कारण मी चौतीस वर्षं तिसरीचा वर्ग घेतला. आणि माझा धाकटा भाऊ 'ऑपरेटर', कारण तो थिएटरात प्रोजेक्टर चालवायचा.

भाऊ गटाचा लाडका होता तो एका लेखामुळे. या दिग्दर्शकाचा एका छत्रीवाल्यावरचा सिनेमा आमच्यात फक्त त्यानंच पाहिला होता. तीस वर्षांपूर्वी कुण्या फिल्म सोसायटीनं प्रिंट मागवली होती, एकच खेळ झाला आणि मशीनवर भाऊच होता. नंतर तो सिनेमा कुठे मिळेनासा झाला.

गोष्ट साधी आहे. एक बाप कागदी छत्र्या बनवतो. बायको गेलेली, एक मुलगी. दोघांचं कडाक्याचं भांडण होतं, त्यात मुलीसाठी बनवलेली छत्री मोडते आणि मुलगी सामान घेऊन निघून जाते. त्यानंतरच्या प्रसंगात ती बापाशेजारी बसून चहा पितेय आणि भिंतीला तीच छत्री टेकलेली आहे, धडधाकट. शेवटी सकाळ होते, बाप दुकानाचं दार उघडतो आणि उंबऱ्यात बसून राहतो.

भावानं लिहिलं होतं, 'मोडलेली छत्री दिसते, सांधलेली छत्री दिसते. सांधणारा बाप दिसत नाही. दिग्दर्शकानं दुरुस्ती दाखवलीच नाही, ती आपल्यावर सोपवली. बाप एक शब्द न बोलता थांबला, म्हणून पोर आपल्या पायांनी परत आली. शेवटी तो उंबऱ्यात बसतो तेव्हा ती आत निवांत झोपलेली आहे.'

चष्मेवाल्यानंसुद्धा त्या दिवशी थट्टा केली नाही. 'ऑपरेटर, काच पुसावी लागली,' एवढंच लिहिलं. तेव्हापासून 'न दाखवलेली दुरुस्ती' हा गटातला परवलीचा शब्द झाला.

मला मात्र त्या लेखाची धास्ती वाटायची. भाऊ तो नुसता लिहून थांबला नव्हता, त्याच्या आधारानं जगत होता.

त्याला एकच मुलगी. लहानपणापासून सगळे तिला बबडी म्हणतात, अजूनही म्हणतात. भावजय गेल्यानंतर ती बापाला म्हणाली, माझ्याकडे चला. हा नाही म्हणाला. शब्दाला शब्द लागला आणि हा बोलून गेला, "आई होती तोवर फिरकली नाहीस, आता माया उतू चाललीय." खरं म्हणजे ती दर आठवड्याला येत होती. तिनं पर्स उचलली आणि गेली. याला तीन वर्षं झाली. ती मला फोन करून विचारायची, "आत्या, बाबांचं बीपी कसंय?" पण त्याला फोन करायची नाही. म्हणायची, "एकदा त्यांनी बोलवावं."

आणि हा बोलवायचा नाही.

"अरे, एक फोन करायला काय जातं तुझं?" मी कितीदा म्हटलं.

"ताई, बोललो की बिघडतं. मी बोललो म्हणूनच गेली ना? आता गप्प बसतो. पोर आपण होऊन येते."

"कुणी सांगितलं?"

"पाहिलंय मी," तो म्हणायचा, आणि कुठे पाहिलंय ते मला ठाऊक असायचं.

मागच्या आठवड्यात बबडीचा फोन आला. तिची बदली झाली होती, समुद्रापलीकडे, किमान पाच वर्षांसाठी. निघायचं बुधवारी. "बाबांना सांगायचं तर सांग," म्हणाली. मी सांगितलं. भावाचा चेहरा उतरला, पण म्हणाला, "बुधवारच्या आत येईल बघ."

नेमक्या त्याच आठवड्यात छत्रीवाल्याचा सिनेमा साफसूफ होऊन नेटवर आला. गटात दिवाळी आल्यासारखा गलका झाला. येत्या रविवारी चार वाजता सगळ्यांनी मिळून बघायचं ठरलं. शनिवारी दुपारी कात्रीचा मला एकटीला निरोप आला.

'बाई, मला राहवलं नाही, मी आधीच पाहिला. चहाचा प्रसंग आधी आहे आणि भांडण नंतर. मुलगी परत येतच नाही. ऑपरेटरकाकांकडून सहावं आणि सातवं रीळ उलटसुलट लागलं असणार. उद्या सगळ्यांना कळेल. त्यांना आधी कुणीतरी सांगायला हवं ना? मला धीर होत नाही.'

मीही पाहिला. पोरगी खरं बोलत होती. छत्री धडधाकट होती कारण ती अजून मोडलेलीच नव्हती.

वर्गात मी मुलांना चित्रांची पाच कार्डं द्यायचे. ती क्रमानं लावायची आणि गोष्ट सांगायची. एखादं मूल कार्डं चुकीची लावायचं आणि तरी इतकी सुरेख गोष्ट सांगायचं, की चूक आहे म्हणवत नसे. मी म्हणायचेच नाही. एखाद्या कार्डावर बोट ठेवून विचारायचे, "हा माठ इथं फुटलाय, मग पुढच्या चित्रात पाणी कसं भरलं?" मूल बघत राहायचं. कधी रडायचं. पण कार्ड त्याचं तेच उचलायचं.

माझा भाऊ अडुसष्ट वर्षांचा आहे. रविवारी दोन वाजता मी त्याच्या दारात उभी राहिले.

त्यानं टीव्ही पुसून ठेवला होता. इस्त्रीचा शर्ट घातला होता.

"एवढ्या लवकर? चारला आहे."

"मला मधलाच एक तुकडा बघायचाय. तुझ्यासोबत."

"आधी नाही बघायचं, नियम आहे."

"नियम मला नको सांगूस. लाव."

मी सांगितलेल्या मिनिटापासून त्यानं लावलं. बाप आणि मुलगी चहा पीत होते. भिंतीला छत्री.

"हे आधी कसं आलं?" तो पुढे सरकला. "उलटंपालटं केलंय. हल्लीची पोरं साफ करायला घेतात आणि वाट लावतात."

भांडण सुरू झालं. बापाचा हात छत्रीवर पडला, काड्या मोडल्या. मुलीनं बोचकं उचललं. मग सकाळ झाली आणि बाप उंबऱ्यात येऊन बसला. मी थांबवायला सांगितलं.

"त्याच्या मागे बघ. खोलीत काय दिसतं?"

त्यानं चष्मा वर केला. उघड्या दारातून आत, कोपऱ्यात, मोडलेली छत्री पडलेली दिसत होती. सिनेमाच्या शेवटच्या चित्रात.

"सांधली असती, तर ती इथं कशी?" मी विचारलं.

तो एकदम चढ्या आवाजात म्हणाला, "डब्यावर सहा लिहिलं होतं, मी सहावं लावलं! आत रिळाच्या सुरुवातीच्या पट्टीवरचे आकडे जपानी होते. मला कुठे वाचता येतात? आधीच्या गावात कुणीतरी रिळं भलत्या डब्यांत भरली, त्यात माझा काय दोष?"

"तुझा दोष नाहीच."

"मग तू आलीस कशाला?"

"आज रविवार आहे म्हणून. आणि बुधवारी बबडी जातेय म्हणून."

तो उठला, खिडकीपाशी गेला, परत आला. खुर्चीची पाठ धरून उभा राहिला.

"म्हणजे तो नुसता बसून राहिला," तो म्हणाला. आवाज अगदी खाली गेला होता. "ताई, मी तीन वर्षं..."

मग त्यानं फोन घेतला. नंबर शोधावा लागला नाही. घंटा वाजत राहिली आणि बंद झाली. तो माझ्याकडे बघायला लागला, पाढा अडलेल्या मुलासारखा. मी मान हलवली. त्यानं पुन्हा लावला.

"बाबा?" बबडीचा आवाज मलाही ऐकू आला. "काय झालं? बरं नाही का? आत्या आहे का तिथं?"

"बरा आहे मी."

"मग?"

हा गप्प. इतकी वर्षं तेच तर करत आला होता. मी ओठ घट्ट मिटून बसले. बोलायचं त्याचं त्यालाच होतं.

"बाबा, मी सामान बांधतेय. खोलीभर पसारा आहे. नंतर बोलूया?"

एरवी त्यानं 'बरं' म्हणून ठेवला असता. त्याच्या ओठांवर तो शब्द आलेलाही मला दिसला.

"नको, नंतर नको," तो म्हणाला. "तू दर आठवड्याला येत होतीस. मी खोटं बोललो तेव्हा. मी येऊ का? बांधायला?"

पलीकडे चिकटपट्टी ओढल्याचा आवाज झाला, मग तोही थांबला. भावानं कानाला फोन दाबून धरला होता.

"सुतळी आहे का घरात?" शेवटी ती म्हणाली. "माझी संपलीय. असली तर घेऊन या."

ती निवळली होती असं मी म्हणणार नाही. आवाज कोरडाच होता, आणि बुधवार काही पुढे जाणार नव्हता. भावानं स्वयंपाकघरातले तीन खण उपसले, चौथ्यात सुतळीचं भेंडोळं सापडलं. इस्त्रीच्या शर्टावर धूळ लागली, ती त्यानं झटकलीही नाही.

चार वाजायला दहा मिनिटं होती. माझ्या फोनवर चष्मेवाल्याचा निरोप आला, 'सगळे हजर? ऑपरेटर, पहिली घंटा तुम्ही द्यायची.'

"काय लिहू?" मी विचारलं.

भाऊ चपला घालत होता. "लिही, रिळं उलटी लावली होती. छत्री कुणी सांधली नाही." दार उघडून तो क्षणभर उंबऱ्यावर थांबला. "आणि लिही, मी आज बघायला नाहीये."