तिसरी दाढ

चार महिने झाले, वायरमनची बायको उजवा गाल धरून बसत होती. दात घासताना, तोंड धुताना, अगदी पंख्याचा वारा लागला तरी सणकन कळ यायची. मग हातातलं काम टाकून ती भिंतीला टेकायची. "अहो, शॉक बसल्यासारखं होतं!" ती सांगायची.

"शॉक?" वायरमन खो खो हसायचा. "शॉक काय असतो ते मला विचार! वीस वर्षं तेच खातोय. दाढ काढून टाक, कटकट मिटेल."

एक दाढ काढली. कळ गेली नाही. दुसरी काढली, तरी तेच! बिचारी जेवण टाळू लागली, बोलेनाशी झाली. घरच्यांनी ठरवून टाकलं, बाईची नाटकं आहेत. आणि हे सगळ्यांत मोठ्याने म्हणाला तो वायरमनच.

तिसरी दाढ काढायला तो तिला घेऊन गेला, तेव्हा नेहमीचे डॉक्टर रजेवर होते. त्यांच्या जागी एक वयस्कर डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी एक्स-रे पाहिला, दाढेवर ठोकून पाहिलं आणि चिमटा खाली ठेवला.

"दाढ ठणठणीत आहे. आधीच्या दोन कशाला काढल्या?"

"डॉक्टर नको म्हणत होते. मीच हट्ट धरला," वायरमन म्हणाला.

"कळ कशी येते हो?" बाईंनी बायकोला विचारलं. तिने नवऱ्याकडे पाहिलं.

"शॉकसारखी, म्हणते," शेवटी तोच पुटपुटला.

"मग बरोबरच सांगताहेत की त्या! चेहऱ्याच्या नसेचं दुखणं असंच असतं. दिवा लुकलुकला की तुम्ही बल्बच बदलत बसता का? वायर तपासता ना? यांना मेंदूच्या डॉक्टरांकडे न्या, ते स्कॅन करतील. साध्या वेदनाशामक गोळ्यांनी हे थांबत नाही, नसेची औषधं वेगळी असतात. आणि कळ कधी येते, कशाने येते, ते लिहून ठेवा."

वायरमनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बल्बवर बल्ब बदलणाऱ्या गिऱ्हाइकांची त्याने आजवर कमी का टिंगल केली होती! आणि स्वतःच्या बायकोच्या दोन चांगल्या दाढा!

जिन्यात तो थांबला. "चुकलं माझं. माझ्यापायी तुझ्या दोन दाढा गेल्या."

तोंड फारसं न हलवता ती हळूच म्हणाली, "दाढांचं जाऊ द्या. तुम्ही हसायचात ना, ते फार लागायचं."

पुढे औषधांनी कळा पुष्कळ कमी झाल्या, पण ते वाक्य त्याच्या मनातून काही गेलं नाही.

वाचकहो, सूज नाही, रक्त नाही, म्हणून दुखणं खोटं ठरत नाही. घरातलं माणूस "दुखतंय" म्हणालं, की आधी विश्वास ठेवा! डॉक्टर नस शोधतील. पण आपल्या हसण्यावर त्यांच्याकडे औषध नाही.