पूर्वेची हद्द

‘‘समितीपुढे प्रश्न एकच येईल, काका,’’ वकीलबाई म्हणाली. ‘‘रानकांद्याची ही ओळ कुणी लावली? तुम्ही म्हणायचं, माझ्या आजोबांनी. बस्स. पुढे पुराण लावायचं नाही.’’

शहादेने मान हलवली. सौसन वकीलबाई त्याच्या मुलीच्या वयाची होती, पण कागद वाचायला लागली की तो तिच्यापुढे शाळेतल्यासारखा बसायचा. चौऱ्याहत्तर वर्षांचा बाप्या, गुडघे धरून. मुलगा ग़ालिब दाराला टेकून उभा होता. शहरातली गवंडीकामाची कमाई सोडून त्याने बारा वर्षं शेताच्या उतारावर घातली होती. एकेक जैतुनाचं झाड त्याने डब्याने पाणी घालून जगवलं होतं.

‘‘आणि समजा,’’ शहादे म्हणाला, ‘‘समजा, ओळ हललेली निघाली तर?’’

सौसनने फाईल मिटली. ‘‘कुणी हलवली?’’

‘‘मी आपलं समजा म्हणतोय.’’

‘‘काका, तुमच्या आजोबांच्या तुर्की कागदात काय लिहिलंय? दक्षिणेला ओढा, उत्तरेला वाट, पश्चिमेला मोठा खडक आणि पूर्वेला रानकांद्याची ओळ. ना नकाशा, ना आकडा. पलीकडच्या त्या यहुदी बाईच्या कागदातही हीच ओळ आहे, फक्त ती तिची पश्चिम. ओळ हलली म्हटलं की तुमच्या कागदाला पूर्वच उरत नाही. चाळीसच्या चाळीस दुनुम जमीन सरकारजमा. कळलं?’’

‘‘हललीबिलली काही नाही हो,’’ ग़ालिब म्हणाला. ‘‘बाबांना ही खोडच आहे. माझ्या लग्नातसुद्धा विचारत होते, समजा नवरी आलीच नाही तर?’’

सौसन हसली. शहादेही हसला, पण त्याचा हात गुडघ्यावरून काही निघाला नाही.

बैत नुवार गावात शहादेचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. त्या भागात शेताच्या हद्दीला दगड ठेवत नाहीत. दगड काय, कुणीही उचलावा. हद्दीवर रानकांदा लावतात. मुठीएवढा गड्डा, हातभर खोल. बकरी त्याला तोंड लावत नाही, नांगराने तो मरत नाही, आणि पावसाळ्याआधी, सगळं रान वाळून गेलेलं असताना, पानांचा पत्ता नसताना त्याचे पांढरे तुरे सरळ जमिनीतून वर येतात. भावाभावांत तंटा झाला की शहादेला बोलावणं जायचं. तो खांद्यावर पहार टाकून यायचा. समोर ठेवलेल्या कॉफीला हात लावायचा नाही. आधी जाऊन खणायचा, गड्डा दाखवायचा, ‘‘इथे,’’ म्हणायचा, आणि मग दोघा भावांना शेजारी बसवून कॉफी प्यायचा. एकदा सख्ख्या मामेभावाच्या विरुद्ध त्याने निवाडा दिला. मामेभाऊ नऊ वर्षं बोलला नाही, पण हद्दीबद्दल चकार शब्द काढला नाही.

‘‘वीतभर जमीन लाटाल तर कयामतीच्या दिवशी सात पाताळांची माती गळ्यात पडेल,’’ असं तो तंटेवाल्यांना बजावायचा. मशिदीत ऐकलेलं होतं, ते तो मनापासून मानायचा. आणि ते बोलताना तंटेवाल्यांच्या डोळ्यांत बघायचं टाळायचा. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, तशातली गत.

कारण त्याच्या स्वतःच्या शेताची पूर्वेची ओळ हललेली होती. एकोणपन्नास साली, तो अकरा वर्षांचा असताना, त्याच्या बापाने ती चाळीस पावलं पुढे नेली होती. आणि खड्डे शहादेने खणले होते.

बापाचंही अगदीच खोटं नव्हतं. ओळीपलीकडची जमीन एकेकाळी शहादेचे चुलते कसत होते. तुर्कांच्या राज्यात नावावर जमीन असली की कर यायचा आणि पाठोपाठ फौजेत न्यायला शिपाई यायचा. म्हणून चुलत्यांनी ती जेरुसलेममधल्या एका बड्या माणसाच्या नावावर लावून टाकली. त्या काळी अशी अक्कल बऱ्याच जणांनी लढवली होती. बड्या माणसाच्या मुलाने ती पोलंडहून आलेल्या यहुद्यांना विकली. त्यांनी रोख पैसे मोजले, कागद घेतला आणि तंबू ठोकले. चुलते म्हणाले, आमची जमीन. ते म्हणाले, हा कागद. दोघेही खरंच बोलत होते, हेच तर मोठं दुखणं. पुढे लढाई झाली. इकडची माणसं मेली, तिकडची मेली, तंबूंच्या जागी झालेली त्यांची घरं जळाली. देशांची हद्द अशी काही पडली की एकोणीस वर्षं ती माणसं परत येऊ शकली नाहीत. एकोणपन्नासच्या शरदात बाप म्हणाला, ‘‘माझ्या भावांची होती, ती घेतोय. यात चोरी कसली?’’ शहादेला मात्र आयुष्यभर एकच प्रश्न पडला. चोरी नव्हती, तर मग पहाटे कशाला गेलो?

जमीन कुणाची ते ठरवणारी समिती पाहणीला आली ती सप्टेंबरात. ओळ ऐन फुलावर होती. तीन सभासद, एक अधिकारी, चार सैनिक, आणि वरच्या टेकडीवरच्या यहुदी वसाहतीचा तरणाबांड वकील, डोक्यावर विणलेली टोपी घातलेला. त्याच्यापासून जरा दूर काठी टेकून एक म्हातारी उभी होती. ती हेम्दा. पलीकडच्या जमिनीचा कागद तिच्या बापाचा होता, आणि तिची बाजूही तोच वकील मांडत होता.

तरणा वकील फुलांकडे बोट दाखवून बोलू लागला. सौसनने शहादेला सांगितलं, ‘‘तो म्हणतोय, यहोशवाने याच झाडाने इस्राएलच्या बारा कुळांच्या हद्दी आखल्या. त्यांच्या ग्रंथात आहे.’’

‘‘असेल की,’’ शहादे म्हणाला. ‘‘तो आमचाही पैगंबर. पण त्याला म्हणावं, या ओळीला शेण माझ्या आजीनं घातलं होतं.’’

सौसनने याचं काही भाषांतर केलं नाही. म्हातारी मात्र फिसकन हसली. काठी टेकत ती जवळ आली आणि थेट गावच्या अरबीत म्हणाली, ‘‘तू शेजारच्या हलीलच्या घरचा ना? तुमच्यातली एक बाई आमच्याकडे अंजिरं विकायला यायची. फिद्दा. मला अरबी तिनंच शिकवली. आधी शिव्या.’’

‘‘ती माझी आत्या,’’ शहादे म्हणाला. ‘‘तिला शिव्यांवाचून दुसरं काही येतच नव्हतं.’’

दोघंही क्षणभर आपापल्या वकिलांना विसरली. मग हेम्दा त्या तुऱ्यांकडे बघत म्हणाली, ‘‘हे कुठेतरी चुकतंय. आमचे बदाम होते, चार ओळी. मी आठ वर्षांची होते, पण एवढं आठवतं, की कांद्याची फुलं बदामांच्या या अंगाला होती. आता बदाम नाहीत आणि फुलं पार तिकडे. माझा भाऊ लढाईत त्या बदामांत पडला. ज़ेलिग. एकोणीस वर्षांचा होता. सगळे मेलेले एका लॉरीतून आणले आणि शहरात पुरले. आई मरेपर्यंत विचारत होती, कुठल्या झाडाखाली? सांगणार कोण? मला डोंगर नको रे बाबा. मला ते चार ओळींचं रान हवंय, उभं राहायला.’’

 ते बदाम शहादेच्या बापाने सरपणाला तोडले होते. त्या लाकडांवर भाजलेली भाकरी त्यानेही खाल्ली होती.

अध्यक्षांनी त्याला पुढे बोलावलं. शपथ झाली. सौसनने प्रश्न विचारला, ‘‘ही ओळ कुणी लावली?’’ ग़ालिब मागे हाताची घडी घालून उभा होता.

आता इथे शहादेने जे केलं ते बाहेरच्या लोकांना आजही कळत नाही. त्याच्या गावी मात्र ते कुणालाही कळलं असतं. गावच्या बैठकीत माणूस स्वतःच्या विरुद्ध एक शब्द बोलला, की त्याचे बाकीचे सगळे शब्द पक्के होतात. जो आपलं खोटं आपणहून काढून देतो, त्याच्या खऱ्याला मग कोण हात लावणार? पन्नास वर्षं शहादेने याच रीतीने न्याय केला होता, आणि समितीही माणसांचीच होती.

शहादे पहार खांद्यावर टाकून चालू लागला. पावलं मोजली नाहीत. ती त्याला पाठ होती. चाळीस पावलं मागे येऊन त्याने पहार मारली. कमरेत वाकून, धापा टाकत खणत राहिला. एक सैनिक मदतीला पुढे झाला, त्याला त्याने हाताने थांबवलं. हातभर खोलीवर बारके गड्डे निघाले, लसणाएवढे, एकाला एक चिकटून. जुना कांदा कधी पुरता निघत नाही, पिल्लं मागे ठेवतोच.

‘‘खरी ओळ ही,’’ शहादे म्हणाला. ‘‘माझ्या आजोबांनी लावलेली. पलीकडची मी आणि माझ्या बापानं लावली, एकोणपन्नास साली. इथून अलीकडचं सगळं माझं आहे. इथून पलीकडचं माझं नाही. या बाईंचे बदाम तिथेच होते.’’

सौसनने डोळे मिटून घेतले. ग़ालिब वळला आणि खाली गाडीकडे चालता झाला. हेम्दा मात्र त्या खड्ड्याकडे आणि शहादेकडे आळीपाळीने बघत राहिली.

निकाल यायला तेरा महिने लागले. सौसनने तो उभ्या उभ्याच वाचून दाखवला. साक्षीदाराने ओळ हलवल्याची कबुली दिली आहे, सबब पूर्वेची हद्द सिद्ध होत नाही. पुढचं काही त्यात नव्हतंच. खणलेला खड्डा नव्हता, बारके गड्डे नव्हते, ‘इथून अलीकडचं माझं’ हे तर नव्हतंच नव्हतं. आणि हेम्दाच्या कागदाची पश्चिमही त्याच ओळीची, म्हणून तिचंही असिद्ध. सगळा उतार सरकारी. वरच्या वसाहतीला नवी घरं बांधायला जागा हवीच होती.

‘‘एवढा एक हंगाम मागून घेतलाय,’’ सौसन म्हणाली. ‘‘जैतून काढून घ्या. नंतर कुंपण पडेल.’’

ग़ालिब बापाशी बोलायचा बंद झाला. सून ताट आणून ठेवायची, ग़ालिब दुसऱ्या खोलीत जेवायचा. एकदाच तो म्हणाला, तोही भिंतीकडे बघून, ‘‘तुमचं खरं घेऊन मी काय करू? त्यात झाड लावू?’’  आपण हातानं पायावर धोंडा पाडून घेतला, आणि तो मुलाच्या पायावर पडला, एवढं शहादेला कळत होतं. त्याला त्याचं अतोनात दुःख होतं. पण पुन्हा शपथेला उभं केलं तर वेगळं काय बोलशील, असं तो स्वतःला विचारायचा, आणि तिथेच अडून बसायचा.

जैतून काढायच्या शेवटच्या दिवशी हेम्दा आली. टॅक्सी खाली सोडून, दर दहा पावलांवर थांबत, ती चढ चढली. सैनिकांनी तिला अडवलं नाही. ग़ालिब पूर्वीच्या बदामांच्या पट्ट्यात शिडीवर होता. झाडाखाली ताडपत्री पसरलेली होती आणि शहादे तीवर बसून पानं निवडत होता.

‘‘माझंही गेलं,’’ ती म्हणाली. ‘‘सांगायला आले. वसाहतीची माणसं म्हणाली, आजी, आपल्याच लोकांना मिळालं की. मी म्हटलं, मेल्यांनो, तुम्ही माझ्या भावाचं नाव तरी ऐकलंय का?’’

शहादेने तिला बसायला जागा केली. ती बसली नाही.

‘‘कुंपण पडल्यावर मला यायला जमणार नाही. पाय राहिले नाहीत. तू तेव्हा दहा वर्षांचा होतास. या डोंगरावर तू नसशील असं होणार नाही.’’ तिचा आवाज बारीक झाला. ‘‘तुला माहीत असेल, शहादे. ज़ेलिग कुठे पडला?’’

शहादेला माहीत नव्हतं. लढाईच्या चारही दिवशी आईने त्याला पोरांबरोबर ओढ्याकाठच्या गुहेत कोंडलं होतं. तो बाहेर आला तेव्हा डोंगरावर नुसता धूर होता.

तो हाताचा आधार घेऊन उठला. ग़ालिब ज्या झाडावर होता त्याच्याच पुढच्या झाडापाशी गेला आणि बुंध्याजवळच्या मातीवर टाच टेकवली.

‘‘इथे,’’ तो म्हणाला.

‘‘खात्री आहे?’’

‘‘मी पाहिलं होतं. बदामाखाली होता, कुशीवर. झोपल्यासारखा.’’

हेम्दाने काठी टाकली आणि हळूहळू, एकेक गुडघा टेकत खाली बसली. दोन्ही तळवे मातीवर ठेवले. ओठ हलत होते. ते हिब्रू होतं की पोलंडकडची तिची घरची बोली, कोण जाणे. मग ती भावाशी बोलावं तसं सावकाश, मोठ्याने बोलू लागली, आणि शहादे दूर सरला.

ग़ालिब शिडीवरून उतरून बापाजवळ आला होता. गुहेची गोष्ट त्याने लहानपणी आजीच्या तोंडून शंभर वेळा ऐकली होती.

‘‘तिच्यासाठी खोटं बोललात,’’ तो हलक्या आवाजात म्हणाला. निकालानंतर बापाशी थेट बोललेलं हे पहिलंच वाक्य. ‘‘आमच्यासाठी तोंडातून निघालं नाही.’’

‘‘नाही निघालं,’’ शहादे म्हणाला. त्याचे डोळे भरून आले आणि ते त्याने पुसले नाहीत.

खाली वाटेवर सैनिकाने घड्याळ दाखवलं. मुदत संपायला अर्धा तास उरला होता. म्हातारी अजून बोलतच होती. ग़ालिब बराच वेळ तिच्याकडे बघत उभा राहिला. मग त्याने म्हातारीपुढच्या झाडाखाली आलेलं ताडपत्रीचं टोक आवाज न करता मागे ओढलं, घडी घातली आणि शिडी उचलून पलीकडच्या झाडाला लावली. ते एक झाड त्यांनी तसंच भरलेलं सोडलं.