चोविसावी आठळी

पत्र्यावर फणसाच्या तेवीस आठळ्या होत्या. सगळ्या चुलीच्या राखेत घोळलेल्या, ओळीने मांडलेल्या, उन्हात कडक वाळलेल्या. नलिनीने दोनदा मोजल्या. राजापूरहून आणल्या तेव्हा चोवीस होत्या.

शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी आठवडाभर ती दमणला गेली होती. जाताना ओल्या फडक्यातली पुरचुंडी ती नोकरीसाठी राहत होती त्या डोकमर्डीतल्या शेजारणीकडे, केसरबाईंकडे दिली आणि एवढंच म्हणाली, की जपा. वडील गेल्यावर भावाने परसातला फणस लाकडाच्या व्यापाऱ्याला विकला होता. त्या झाडाचं हे शेवटचं बी.

केसरबाई धुळ्याकडच्या. नवरा चिंधा नरोलीच्या एका कारखान्यात. जपा म्हटल्यावर त्यांनी जपलं. माहेरी दुधीचं, गिलक्याचं बी जपत, तसंच.

"फडक्यात कुजलं असतं ना, बाई," त्या म्हणाल्या. "आता वरीसभर किडा लागायचा नाही."

नलिनी शाळेत जीवशास्त्र शिकवायची. फणसाचं बी वाळलं की मरतं, हे तिने वाचलं होतं. झाडून सगळंच मरतं का, हे पाहिलं नव्हतं. तिने एक आठळी नखाने टोकरली.

"चोविसावी कुठंय, केसरबाई?"

"ती बाद होती. शेपूट फुटलेलं. कोंब आलेलं बी कोणी साठवतं का? दिली मोरीमागं भिरकावून."

तेवीसच्या तेवीस नलिनीने तेलाच्या डब्यांत लावल्या. केसरबाई रोज डब्यांत डोकावायच्या, काय म्हणतो तुमचा फणस, म्हणून विचारायच्या. महिना उलटला तेव्हा नलिनीने माती उकरली. आत काळा लगदा निघाला. केसरबाईंनी खोदून खोदून विचारलं, म्हणून तिने कारण सांगितलं. दुसऱ्या दिवशी केसरबाई आल्या नाहीत.

तिसऱ्या दिवशी नलिनी शाळेतून परतली, तर केसरबाई भांड्यांचा ढीग घेऊन रस्त्यापलीकडच्या नळावर बसलेल्या. चिंधा दारात उभा होता.

"हिनं मोरीच बंद केली, बाई," तो म्हणाला. "साबणाचं पाणी जातं म्हणे. मला सांगते, आंघोळ बी कारखान्यातच कर."

केसरबाईंनी मान वर केली नाही. हातातलं पातेलं घासत राहिल्या.

नलिनी मोरीमागे गेली. तिथे चार विटा उभ्या लावून आळं केलं होतं, वर जुन्या साडीच्या तुकड्याची सावली. ती खाली बसली आणि पिशवीतली पट्टी काढली.

उंची साडेचार इंच. पानं दोन.