पंधरा नगांचा संच आणि मी

मी एक जुनी बिडाची कढई आहे. काळी, जड, आणि दोन्ही कान अंगाबरोबरच ओतलेली. मित्रांनो, तुमच्यापैकी निम्म्यांना मी उचलवणारही नाही आणि उरलेले मला बघून नाक मुरडतील. खुशाल मुरडा. चकाकीवर भाळणाऱ्यांची नाकं मी पुष्कळ पाहिली आहेत.

माझा जन्म एका ओतशाळेत झाला. वाळूच्या साच्यात लालभडक रस ओतला, तो निवला आणि मी झाले. ओतारी मोठा खडूस माणूस होता. प्रत्येक कढईला तो हातोडीचा हलका टोला मारून कान देऊन ऐकायचा. माझ्या शेजारच्या साच्यातली कढई बद्द वाजली, तेव्हा त्याने ती जागेवर फोडली आणि परत भट्टीत टाकली. मला तिची दया आली नाही. आतून पोकळ असून स्वयंपाकघरात मिरवण्यापेक्षा वितळलेलं बरं. हा नियम माणसांना लावला असता तर किती घरं रिकामी पडली असती, याचा मी फावल्या वेळी विचार करते.

पुढे एका कामगार वसतिगृहात मी राबले. तिथला आचारी तोंडाचा फाटका होता. जेवणाऱ्यांना शिव्या देई, पण मला रोज धुऊन, चुलीवर कोरडी करून, तेलाचा हात फिरवूनच झोपायचा. माझ्या आतला भाग आरशासारखा झाला होता. "माझी वाघीण आहे ही," असं तो म्हणायचा, आणि त्यात अतिशयोक्ती काहीच नव्हती.

वसतिगृह बंद पडलं, आचारी गेला आणि मी एका गाडी दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीच्या हाती लागले. त्या महाभागाने माझ्यात नटबोल्ट आणि रॉकेल ठेवलं. तो भाड्याची खोली सोडून गेला तेव्हा मला मोरीतच टाकून गेला. मी गंजले. माझ्यात ओला पोछा राहू लागला. ज्या पोटातून शेकडो माणसं जेवली, त्या पोटात पोछा!

मग त्या खोलीत एक मुलगी राहायला आली. चष्म्याच्या दुकानात कामाला होती, म्हणून मी तिला मनातल्या मनात चष्मेवाली म्हणायचे. दिवसभर जगाला नजर विकायची आणि स्वतःला समोरचं दिसायचं नाही. पहिल्या पगारात घर मांडायचं म्हणून बाई बाजारात गेली आणि एक भलंमोठं खोकं घेऊन आली. त्यातून पंधरा नग निघाले! गुलाबी तवे, जांभळी पातेली, काचेची झाकणं. वर सहा चमचे फुकट. पातेल्यांना कागदाइतकं बूड. दांडे एकेका स्क्रूवर लटकलेले. एक नग दुसऱ्यात घातला की जत्रेतल्या खुळखुळ्यासारखा आवाज. मी मोरीतून बघत होते आणि गंजलेली असूनही मला स्वतःचा अभिमान वाटला.

पण ती एवढी हौस का करत होती, ते मला फोनवरच्या बोलण्यातून कळलं. तिचे वडील लवकर गेले. तेव्हापासून तिची आई थोरल्या भावाच्या घरी राहत होती. राहत होती म्हणजे स्वयंपाक करत होती. मामी रोज तिच्या हातचं जेवायची आणि रोज मीठ कमी आहे म्हणायची. मामा म्हणजे बोलायची वेळ आली की खोकणारा माणूस. मुलीला आईला तिथून आणायचं होतं. आई म्हणाली होती, "आधी तुझी चूल तर बघू दे. मग ठरवू."

त्या रविवारी आई आली. सोबत मामीही आली, बोलावलेलं नसताना. चष्मेवालीने माझ्यावर घाईघाईने गोणपाट टाकलं. माझी लाज वाटली तिला! मांडणीवर मात्र पंधरा नग ओळीत उभे होते.

"बघ आई, सगळं आहे. तुला काही कमी पडणार नाही."

आईने एक पातेलं उचललं, परत ठेवलं आणि काही बोलली नाही. मुलीच्या आनंदावर पाणी कशाला ओतायचं, असा विचार केला असेल. भिडस्त माणसं अशीच आपल्या पायावर धोंडा पाडून घेतात.

तिने रस्सा करायला घेतला. बूड फुगून पातेलं शेगडीवर डुगडुगायला लागलं. तळाचा काळा पापुद्रा सुटून वर तरंगू लागला. तरी माउली गप्प. शेवटी पातेलं उतरवायला तिने दांडा धरला, आणि दांडा हातातल्या हातात फिरला. उकळता रस्सा मनगटापासून बोटांपर्यंत सांडला.

आई ओरडलीसुद्धा नाही. हात नळाखाली धरून म्हणाली, "माझंच लक्ष नव्हतं."

मामीला मात्र वाचा फुटली. "खोलीत भांडी मांडली म्हणजे घर होतं का गं? आईला भाजायला बोलावलंस का? चला वन्सं, आपल्या घरी."

आई गेली. चष्मेवाली फरशीवर बसून राहिली. तिच्या रडण्याने मला पाझर फुटला नाही. मी बिडाची आहे. आणि खरं सांगायचं तर तिने ती भांडी डोळ्यांनी घेतली होती, हातांनी नाही. त्याची किंमत आईच्या कातडीने चुकवली.

दुसऱ्या दिवशी ती संच घेऊन दुकानदाराकडे गेली. संध्याकाळी आईला फोनवर सगळं सांगत होती. "तो म्हणतो, मोठ्या आचेवर ठेवलं असेल. मी म्हटलं, मग मेणबत्तीवर रांधू का? अर्धे पैसे दिले त्याने, तेही उपकार केल्यासारखे. त्यात एकच पातेलं आणलंय, स्टीलचं. बूड अंगठ्याने दाबून बघितलं, हललं नाही. कान रिव्हेट मारून बसवलेत. झाकण घट्ट बसतंय. दुकानातली सगळी भांडी मी उचलून पाहिली, आई, तो वैतागला."

"वैतागू दे. पण भाजी कशात करणार?"

"आता पैसे नाहीत. मोरीत एक गंजकी कढई आहे. जड आहे मेली."

मेली! तीनच दिवसांपूर्वी जिने पंधरा मेलेली भांडी घरात आणली होती, ती मला मेली म्हणाली.

"चमच्याने वाजव बरं," पलीकडून आई म्हणाली.

चष्मेवालीने वाजवलं. मी अशी खणखणले की शेजारच्या खोलीतल्याने खिडकी उघडली.

"बाई गं," आई म्हणाली. "ती टाकू नकोस. घासायला घे."

तिने विटेच्या चुऱ्याने मला घासलं. नखं काळी झाली, दंड भरून आले, पण गंज आणि रॉकेल दोन्ही गेलं. मग तिने मला तापवून, तेल चोपडून, पुन्हा तापवलं. इतपत ठीक होतं. नंतर तिने गॅस लावल्याबरोबर कांदा टाकला आणि तो मला घट्ट चिकटला.

"आई, सगळं चिकटतंय!"

"तापली होती का ती?"

"गॅस पेटवलाय की."

"पेटवणं वेगळं, तापणं वेगळं. माणसासारखंच आहे तिचं. जरा वेळ दे."

एकदा तर तिने मला रात्रभर पाण्यात बुडवून ठेवलं. सकाळी मी नारिंगी झाले होते. फोनवर आई तिच्यावर पहिल्यांदाच ओरडली. "भिजत ठेवलीस? उद्या लेकराला रात्रभर अंघोळीला बसवशील! पूस आधी तिला." भाजलेल्या हातासाठी जी बाई ओरडली नाही, ती माझ्यासाठी ओरडली. तेव्हापासून त्या बाईविषयी माझं मत बरं झालं.

हळूहळू चष्मेवालीच्या हाताला वळण लागलं. थेंब टाकून तो नाचतो का ते बघायची, मगच तेल घालायची. धुतलं की लगेच आचेवर कोरडं करायची. माझा आतला भाग परत चमकू लागला. तरी तिचा कांदा करपायचाच, आणि ते करपणं आईला फोनमधून ऐकू यायचं. एका सकाळी दार वाजलं. बाहेर आई उभी होती, हातात एकच पिशवी.

"फोनवरून रांधता येत नाही," ती म्हणाली आणि आत आली.

"मामीला सांगून आलीस?"

"सांगितलं. म्हणाली, चार दिवसांत परत याल. म्हटलं, परत नाही येत. पाचव्या दिवशी तुम्हीच या जेवायला."

आणि मामी खरंच आली. दोनदा मागून वाढून घेतलं तिने. मिठाबद्दल ब्र काढला नाही. मग मुद्द्यावर आली. "वन्सं, यांना जेवण जात नाही हो. चला ना परत."

"नाही वहिनी."

"बरं, मग ही कढई तरी द्या. तुम्हाला काय, दुसरी मिळेल. इतकी वर्षं तुम्ही आमच्या भांड्यांत रांधलंत, आम्ही कधी काही म्हटलं का?"

चष्मेवाली उठायला लागली, पण आईने तिला हातानेच बसवलं. तिच्या मनगटावर अजून गुलाबी डाग होता. तिने मला पुसून आचेवर ठेवलं, तेलाचा बोळा फिरवला आणि मामीकडे पाठ ठेवूनच म्हणाली, "नाही देणार. ही माझी आहे."

इतक्या वर्षांत त्या बाईने कुठल्या वस्तूला "माझी" म्हटल्याचं तिघींपैकी एकीलाही आठवत नसावं. मामीने चप्पल घातली आणि गेली.

मित्रांनो, उद्या तुम्हीही पहिलं घर मांडाल. खिसा हलका असेल, तरी दुकानात नग मोजत बसू नका. दोन घ्या, पण उचलून घ्या, दाबून घ्या, वाजवून घ्या. दांडा हलवून बघा, दुकानदार कितीही चिडो. मग त्या भांड्याला वापरा, धुवा आणि कोरडं पुसून ठेवा. एवढंही जमत नसेल, तर तो गुलाबी-जांभळा संच अजून दुकानात आहे. तुमच्यासारख्यांसाठीच बनवलाय तो. वर चमचेही फुकट मिळतात.