तोंडी परीक्षेचे सतरा गुण

दहावीचा निकाल दुपारी एकला लागला. शाळेच्या ऑफिसात मुख्याध्यापक हनुमंत शेडगे कॉम्प्युटरवर एकेक नाव उघडत होते आणि त्यांच्या शेजारी मराठीचा शिक्षक जनार्दन उभा होता. एकोणचाळीस मुलांपैकी सदतीस पास. मुळशीच्या रस्त्यावरच्या या डोंगराकडच्या शाळेचा एवढा निकाल कधी लागला नव्हता, त्यामुळे शेडगे सर खुशीत होते. नापास दोघांपैकी एकाबद्दल कुणाला शंकाच नव्हती. दुसऱ्या नावावर मात्र ते थांबले.

"प्राजक्ता वाघमारे. गणितात एकसष्ट आणि मराठीत सव्वीस? हे काय उलटंच." त्यांनी कपाटातून गुणांची फाइल काढली. "हां, तोंडीला गैरहजर होती. तुम्हीच लिहिलंय."

"हो," जनार्दन म्हणाला.

प्राजक्ता तोंडी परीक्षेच्या दिवशी आली नव्हती हे खरं होतं. आईला ताप भरला म्हणून ती तिला पौडच्या दवाखान्यात घेऊन गेली होती. पण चौथ्या दिवशी ती आली, आणि मुदत संपली नव्हती म्हणून जनार्दननं शिक्षकांच्या खोलीत तिची परीक्षा घेतली. "तुला येतं असं एखादं काम समजावून सांग," असा विषय दिला. कातकरवाडीतली ही पोरगी वर्गात तोंड उघडत नसे. आधी ती अडखळली. मग कडू कंद कसा शोधायचा, कसा उकडायचा, त्याच्या चकत्या वाहत्या पाण्यात रात्रभर ठेवून कडूपणा कसा काढायचा, हे तिनं सलग पाच मिनिटं सांगितलं. जनार्दननं वीसपैकी सतरा दिले, चिठ्ठीवर तिची सही घेतली आणि चिठ्ठी पुस्तकात ठेवली. त्याच दिवशी त्याला निवडणुकीच्या कामाला जावं लागलं. दुसऱ्या दिवशी घाईघाईत गुण ऑनलाइन भरले, ते जुन्या यादीवरून; त्यात ती गैरहजरच होती.

आता ती चिठ्ठी हरवलेली असावी असं त्याला मनापासून वाटलं. पण पुस्तक उघडलं तर ती तिथंच होती. तारीख, सतरा, आणि खाली प्राजक्ताची सावकाश काढलेली सही.

दोन दिवस त्याला जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं शेडगे सरांना सगळं सांगितलं. त्यांनी दार लोटून घेतलं.

"चिठ्ठी आणखी कुणी पाहिली आहे?"

"नाही."

"मग नीट ऐका. तुमची शिक्षणसेवकाची तीन वर्षं या महिन्यात संपतात. कायम करायचा प्रस्ताव माझ्या टेबलावर आहे. आता मंडळाला चूक कळवली तर चौकशी लागेल, तुम्हाला नोटीस येईल, शाळेच्या नावाला बट्टा लागेल. पोरीचं काही अडत नाही. एकाच विषयात गेलीय, एटीकेटी मिळते. अकरावीला बसेल, जुलैत मराठी काढेल."

"तिला आयटीआयला जायचंय, सर. इलेक्ट्रिशियनला. तिथं दहावी पास लागते."

"पुढच्या वर्षी जाईल." शेडगे सर वाईट माणूस नव्हते. पोरांच्या दाखल्यांसाठी ते स्वतः तहसीलला खेटे घालत. म्हणूनच त्यांचं म्हणणं जनार्दनला पटल्यासारखं झालं. घरी बायकोनं, सायलीनं, प्रस्तावाचं काय झालं विचारलं तेव्हा तो नुसतं "पाठवतायत" म्हणाला.

गुणपत्रिका वाटल्या त्या दिवशी सदतीस मुलं पेढे घेऊन आली. प्राजक्ता आली नाही. संध्याकाळपर्यंत तिची गुणपत्रिका टेबलावर पडून राहिली. जनार्दन येता जाता तिच्याकडे बघत राहिला. शेवटी त्यानं ती पिशवीत घातली, चिठ्ठीही घातली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वाडीची वाट धरली. फक्त गुणपत्रिका देऊन यायचं, असं त्यानं वाटेत स्वतःला चारदा बजावलं.

वाडीत ऊन चढलं होतं. प्राजक्ताची आई बाळाबाई दारात करवंदं निवडत बसली होती. वडील, कान्हू, कामावर गेले होते. प्राजक्तानं गुणपत्रिका घेतली आणि न बघताच आईशेजारी ठेवली.

"सोमवारपासनं म्हाळुंग्याला जानार हाय," ती म्हणाली. "बिल्डिंगच्या कामावर. आईसंगट."

"आणि आयटीआय?"

"नापासाला कोन घेतंय?" तिनं खाली बघत विचारलं, "सर, एक इचारू? त्या दिवशी बोलताना मधीच आमच्या घरातलं शब्द आलं माझ्या तोंडात. कंदाला आमी म्हनतो ती नावं. त्याच्यामुळं शून्य दिलंत का?"

जनार्दन पायरीच्या दगडावर बसला. तीन महिने या मुलीनं हेच मनात धरलं असेल, निकालानंतर तर नक्कीच, हे त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं.

"तुला मी सतरा दिले होते," तो म्हणाला. त्यानं चिठ्ठी काढून तिच्या हातात दिली. "ते भरायचे मी विसरलो. चूक माझी आहे. तुझी काही नाही."

तिनं चिठ्ठी वाचली. स्वतःच्या सहीवर बोट ठेवलं. "मंग मी पास हाय?"

"पास आहेस. कागदावर तेवढी नाहीस."

बाळाबाईचे हात थांबले. "ह्ये तुमाला कवापासनं ठाव हाय, सर?"

"निकाल लागला त्या दिवसापासून."

"आनि आज सांगताय." ती शांतपणे म्हणाली. तिचा आवाज चढला असता तर जनार्दनला बरं वाटलं असतं. "आमी तिला लई बोललो. तिच्या बापानं तिच्या वह्या रद्दीवाल्याला दिल्या. शिकून बी अशीच राहिली म्हनला." मग तिनं विचारलं, "आता ह्यो कागुद कोन बदलनार?"

"मी बदलून आणतो," जनार्दन म्हणाला. म्हणताना त्याचा स्वतःच्या शब्दावर पुरता विश्वास नव्हता. चिठ्ठी परत मागताना तर त्याला फारच ओशाळल्यासारखं झालं. प्राजक्तानं ती दिली, पण आधी आईकडे बघितलं.

शाळेत परतून त्यानं वाडीत दिलेला शब्द शेडगे सरांना सांगितला. मग त्यांनी मंडळाला पत्र लिहायला घेतलं. "तुमचा खुलासाही जोडा," एवढंच म्हणाले. "आणि त्यात सबबी लिहू नका."

पुण्यात मंडळाच्या कार्यालयात जनार्दन पाच वेळा गेला. तिथल्या बाईंनी मूळ चिठ्ठी, पत्र आणि खुलासा ठेवून घेतला. "समितीपुढं जाईल. मंजूर होईलच असं नाही," त्यांनी सांगितलं. चिठ्ठी हातातून गेल्यावर त्याच्याजवळ काहीच राहिलं नाही. तिकडे आयटीआयच्या फेऱ्या सुरू झाल्या. पहिल्या फेरीची यादी लागली, मग दुसरी. रोज सकाळी तो आधी मंडळाला फोन करी आणि मग वर्गावर जाई. प्राजक्ता म्हाळुंग्याला कामावर जात होती. तिच्या वडिलांच्या फोनवरून ती दर रविवारी विचारी, "आलं का, सर?" तो "अजून नाही" म्हणे. ती "बरं" म्हणून फोन ठेवी. ते "बरं" त्याला दिवसभर पुरे.

सुधारित गुणपत्रिका जुलैच्या मध्यावर आली. मराठी त्रेचाळीस, शेरा उत्तीर्ण. तोवर नेहमीच्या फेऱ्या संपल्या होत्या. उरलेल्या जागांसाठी समोर बोलावून प्रवेश देतात ती शेवटची फेरी तेवढी शिल्लक होती.

त्या फेरीच्या दिवशी आयटीआयच्या हॉलमध्ये दीडशे मुलं होती आणि फळ्यावर उरलेल्या जागा लिहिल्या होत्या. इलेक्ट्रिशियनपुढं शून्य होतं. जनार्दननं ते आल्याबरोबर पाहिलं. प्राजक्तानंही पाहिलं असणार. एकेक नाव पुकारलं जाई आणि फळ्यावरचा आकडा पुसून नवा लिहिला जाई. फिटरच्या सहा होत्या, त्या चार झाल्या, दोन झाल्या. बाळाबाई मांडीवर कागदांची पिशवी घट्ट धरून बसली होती.

प्राजक्ताचं नाव आलं तेव्हा फिटरची एक जागा होती.

"इलेक्ट्रिशियन भरलं," टेबलामागचे अधिकारी म्हणाले. "फिटर घेता का? लवकर सांगा, मागे रांग आहे."

प्राजक्तानं वळून जनार्दनकडे पाहिलं. तिच्या वाटची जागा ज्यानं घालवली त्यानंच सल्ला द्यायचा, हे त्याच्यानं झालं नाही. त्यानं मान खाली घातली.

ती पुन्हा टेबलाकडे वळली. "फिटर झाल्याव घोटावड्याच्या कंपन्यांत घेत्यात का, साहेब? पोरींना?"

"घेतात. गेल्या साली आमच्या तिघी लागल्या."

"मंग लिवा."

बाहेर आल्यावर बाळाबाईनं विचारलं, फिटर म्हंजे काय करत्यात. प्राजक्तानं मशिनीचे भाग जुळवतात असं काहीसं सांगितलं. तिलाही नीट माहीत नव्हतं. एसटीच्या थांब्यावर तिघं उभी राहिली. जनार्दनच्या खिशात शेडगे सरांनी सकाळीच दिलेलं पत्र होतं. त्याला कायम करण्याचा प्रस्ताव वर्षभर पुढे ढकलला होता आणि नोटिशीचं उत्तर सात दिवसांत द्यायचं होतं. सायलीला ते अजून सांगायचं होतं. त्यातलं काही त्यानं या दोघींना सांगितलं नाही.

"मला लाइटीचंच काम करायचं हुतं," प्राजक्ता रस्त्याकडे बघत म्हणाली. तक्रार म्हणून नव्हे, सांगून टाकावं तसं.

"माहीत आहे मला," जनार्दन म्हणाला.

एसटी आली. बाळाबाई आधी चढली आणि तिनं पिशवीसकट लेकीला वर ओढून घेतलं. खिडकीतून तिनं जनार्दनकडे बघून मान हलवली, म्हणजे निघा आता. एसटी वळणाआड गेली तरी तो काही वेळ तिथंच उभा राहिला.