पुन्हा तीनच पडले!

मी एक जुना लाकडी फासा आहे. सारीपाटावरचा लांबट फासा नव्हे, हं! मला चांगल्या वीस बाजू आहेत आणि प्रत्येक बाजूवर एक आकडा कोरलेला आहे. एकापासून वीसपर्यंत सगळे आकडे मी अंगावर वागवतो. पण मित्रांनो, खरे सांगायचे तर तीनवर माझे जरा जास्तच प्रेम आहे. हे प्रेम कुठून आले आणि त्यापायी काय काय झाले, तेच मी सांगणार आहे.

माझा जन्म १९९३ साली दिल्लीत, लक्ष्मीबाई नगरातल्या एका सरकारी क्वार्टरमध्ये झाला. मला घडवणारे राजाभाऊ बांधकाम खात्यात नकाशे काढत. त्या वर्षी त्यांच्या अकरा वर्षांच्या लतिकाला अमेरिकेतल्या मामाने एक खेळ पाठवला. परदेशी वस्तू तेव्हा नुकत्याच कुठे दिसू लागल्या होत्या, त्यामुळे शेजारचे लोक नुसते खोकेसुद्धा हातात घेऊन बघून गेले. खेळ मोठा मजेदार होता. एकाने गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसे व्हायचे. नदी ओलांडायची आहे? राक्षसाला चकवायचे आहे? मग फासा टाकायचा. मोठा आकडा पडला तर जमले, लहान पडला तर फसले.

पार्सल मात्र एका कोपऱ्यात फाटले होते. नियमांचे पुस्तक आले, फासे वाटेतच कुठेतरी गळून पडले होते. लतिकाचा चेहरा एवढासा झाला.

"दिल्लीत वीस बाजूंचा फासा कुठे मिळणार? आपण घरीच बनवू," राजाभाऊ म्हणाले.

गॅलरीत एक मोडकी सरकारी खुर्ची पडली होती. लतिकाची आई नीरजाताई म्हणाल्या, "मग त्या खुर्चीचा पाय कापा की."

"अगं, तिच्यावर सरकारी नंबर आहे!" राजाभाऊ दचकून म्हणाले आणि थेट कीर्तिनगरला जाऊन एका सुताराकडून शिसवीचा तुकडा घेऊन आले.

तीन रविवार ते मला घासत होते. कानस, पॉलिश पेपर, कोनमापक, सगळा सरंजाम मांडून बसत. अठराच्या बाजूखाली लाकडात किडीचे एक भोक निघाले. नळाची गळती बुजवायचा मसाला त्यांनी त्यात ठासून भरला, वरून घासून गुळगुळीत केले आणि आकडा कोरला. माझा एकेक कोन त्यांनी तीनतीनदा मोजला. वजन तोलायचे मात्र राहून गेले. नकाशे काढणाऱ्या माणसाला वजनाची आठवण कशी व्हावी? तो मसाला लाकडाहून जड होता. त्यामुळे मला टाकले की अठरा खाली बसे आणि त्याच्या बरोबर समोरचा तीन वर येई. दर वेळी नाही, पण नको तेव्हा हमखास!

खेळायला लतिकाच्या वर्गातला विश्वजित येई. त्याचे वडील धोंडीराम सैन्यात हवालदार होते आणि हे कुटुंब साताऱ्याकडून येऊन छावणीत राहत होते. विश्वजित मला बोटाने हळूच ढकलतो, असा लतिकाला दाट संशय होता. म्हणून नीरजाताईंनी कणीक मळायची स्टीलची परात दिली. "यात टाका, म्हणजे स्वयंपाकघरातून मलाही ऐकू येईल," त्या म्हणाल्या. परातीत पडलो की मी असा खणखणत असे की शेजारच्या क्वार्टरमध्ये कळे, पोरांचा खेळ सुरू झाला.

लतिका खेळात 'कंदीलवाली वासंती' होई. पहिल्याच दिवशी वासंतीला दरी ओलांडायची होती. लतिकाने मला टाकले. तीन. दुसऱ्यांदा टाकले. तीन. तिसऱ्यांदाही तेच पाहून तिने भोकाड पसरले.

"तुझी वासंती मेली यार! खेळ खतम," विश्वजित टाळ्या पिटत म्हणाला.

राजाभाऊंनी मला उचलले, तळहातावर फिरवले आणि त्यांना सगळे उमगले. त्यांचे तोंड उतरले. "माझंच चुकलं. हा टाकून देऊ, मी दुसरा करतो." मित्रांनो, जन्मून चार दिवस झाले नव्हते आणि मी केराच्या टोपलीकडे निघालो होतो!

तेवढ्यात नीरजाताई पिठाच्या हातांनी बाहेर आल्या. "तीन पडले म्हणून एवढं रडायचं? दरीत पडली ना ती? बरं, पडली. पुढे काय झालं ते सांग."

लतिकाने नाक पुसले. जरा विचार केला. मग म्हणाली, "पडली... पण खाली जुनी विहीर होती." विश्वजितच्या टाळ्या थांबल्या. "विहिरीत काय होतं?" त्याने विचारले, आणि तो सरकत सरकत तिच्या अगदी जवळ येऊन बसला.

त्या दिवसापासून त्या घरात एक नियमच झाला. तीन पडले की हार पक्की, तिथे रडीचा डाव चालणार नाही. पण हरल्यानंतर पुढे काय झाले, ते टाकणाऱ्याने सांगायचेच. मी राजाभाऊंच्या खिशात परत गेलो तो ताठ मानेने!

किती सुंदर वर्षे होती ती! दोघेही भाड्याने कॉमिक्स आणून पारायणे करत आणि राजाभाऊंच्या बाद झालेल्या नकाशांच्या पाठकोऱ्या कागदांवर वासंतीचे स्वतःचे कॉमिक काढत. चित्रे विश्वजितची, गोष्ट लतिकाची. छावणीतली पोरेही येऊ लागली. माझ्या तीनमुळे ती सगळी पोरे गोष्टी सांगण्यात पटाईत झाली, असे मी म्हटले तर ती फुशारकी नव्हे. बरे, थोडी आहेच.

पण कौतुक कायमचे कुणाच्या वाट्याला येते? मुले मोठी झाली. २००३ साली राजाभाऊ निवृत्त झाले. क्वार्टर सोडावे लागले आणि आमचे बिऱ्हाड गुडगावला एका उंच इमारतीत आठव्या मजल्यावर गेले. सामान बांधताना कुणीतरी मला नीरजाताईंच्या शिवणाच्या डब्यात टाकले. बटणे, हुक आणि रिळांच्या गर्दीत मी बारा वर्षे पडून होतो. बाहेर नव्या इमारती बांधणाऱ्या यंत्रांची धडधड चाले, लिफ्ट वरखाली जाई, आणि मला कुणी टाकत नसे. मी फार रडलो. आवाज कुणाला गेला नाही, एवढेच.

मग २०१५ साल उजाडले. लतिका आता गुडगावच्याच एका कंपनीत नोकरी करत होती आणि विश्वजितही जवळच कामाला होता. दोघांनी मिळून पॉडकास्ट सुरू केला होता. म्हणजे आपला आपणच रेकॉर्ड केलेला कार्यक्रम, लोकांनी इंटरनेटवरून वाटेल तेव्हा ऐकावा असा. अर्धा मराठीत, अर्धा हिंदीत. आधी कॉमिक्सवर गप्पा, मग तोच जुना खेळ. आवाज घुमू नये म्हणून दोघेही गोधडी लावलेल्या कपाटात डोके घालून बोलत. त्यांचे फासे नवे, चकचकीत प्लॅस्टिकचे होते आणि ते मखमलीवर मुकाट पडत. ऐकणारे मोजून चाळीस.

एका रविवारी नीरजाताईंना राजाभाऊंच्या सदऱ्याचे बटण सापडेना. त्यांनी डबा परातीत उपडा केला. बटणे सांडली आणि त्यांच्यामागून मी पडलो. खण्ण!

आतून लतिका कानांवरचे हेडफोन सावरत धावत आली. "आई! हा आवाज... तो फासा आहे?" तिने मला उचलून छातीशी धरले. मी कितीवर पडलो होतो, सांगायला हवे का?

त्या दिवसापासून कार्यक्रमाचे नावच 'परात' झाले. माझी खणखण ऐकू आली की लोक प्रवासात, मेट्रोत कान टवकारू लागले. "तीन पडू दे," असे निरोप येऊ लागले. चाळिसाचे चार हजार झाले. छावणीतल्या बऱ्याच घरांतून आम्ही ऐकले जात होतो. निवृत्त होऊन विश्वजितकडे राहायला आलेले धोंडीराम दर आठवड्याला आधी आम्हाला ऐकत आणि मग जेवत.

आणि नेमके तेव्हाच संकट आले. आमचा कार्यक्रम प्रसारित करणाऱ्या कंपनीने कळवले की, खेळाचा एकच कार्यक्रम पुढे चालू राहील. एक आमचा होता आणि दुसरा अंशुमन नावाच्या तरुणाचा, झकपक इंग्रजीतला. कॉमिक्सच्या जत्रेत दोघांनी लोकांसमोर खेळायचे, प्रेक्षकांनी निवडायचे आणि हरणाऱ्याचा कार्यक्रम त्याच दिवशी बंद!

जत्रेच्या दिवशी राजाभाऊंनी खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली. आत एक नवा फासा होता. शिसवीचाच, अगदी माझ्यासारखा. बहात्तराव्या वर्षी त्यांनी तो महिनाभर घासला होता.

"या वेळी वजन तोलून घेतलंय," ते हळू आवाजात म्हणाले. "माझ्या चुकीपायी तुझा कार्यक्रम जायला नको, बेटा."

विश्वजितही म्हणाला, "काकांचं ऐक यार लतिका. आज रिस्क नको."

माझा जीव टांगणीला लागला. लतिकाने नवा फासा डोळ्यांजवळ धरून पाहिला. "किती सुंदर झालाय, बाबा. हा आपण उद्या टाकू," ती म्हणाली. "आज जुनाच. बोलायला मी याच्याकडूनच शिकले."

मंडपात दोनएक हजार माणसे होती. कुणी कॉमिक्समधल्या वीरांचे मुखवटे घातलेले, कुणी त्यांच्यासारखी पाठीवर लाल झूल पांघरलेले. अंशुमन आधी खेळला आणि त्याला शेवटी एकोणीस पडले. टाळ्यांनी मंडप दणाणला.

मग आमची पाळी आली. गोष्ट दिल्लीतल्याच हिंदुरावच्या टेकडीवरची होती. शहरावर एक सावलीचा राक्षस पसरला होता आणि वासंतीला पेटता कंदील टेकडीवरच्या बुरुजावर न्यायचा होता. वारा सुटला होता. ज्योत टिकायला बारा तरी हवे होते. लतिकाने डोळे मिटले आणि मला परातीत सोडले.

मित्रांनो, मी जीव तोडून प्रयत्न केला. सोळावर अडलो, अकरावर डगमगलो. पण अठराखालचा मसाला काही ऐकेना. शेवटी तीनच पडले. सगळा मंडप हळहळला. पहिल्या रांगेत राजाभाऊंनी दोन्ही हातांनी तोंड झाकले.

"ज्योत विझली," लतिका शांतपणे म्हणाली. मग ती हिंदीत बोलू लागली. "कंदील बुझ गया. पर वासंती रुकी नहीं. बुझा हुआ कंदील लेकर ही ऊपर चढ़ी. काँच अभी गरम थी. ऊपर पहुँचकर उसने पूरे शहर को आवाज़ दी: मेरा दिया बुझ गया है. किसी के पास आग है?"

मग मागच्या रांगेतून परेडच्या मैदानावरचा आवाज आला, "मेरे पास है!" धोंडीराम हवालदार उभे होते आणि त्यांच्या उंचावलेल्या हातात मोबाईलचा दिवा लागला होता. त्यांच्या शेजारची बाई उठली, "मेरे पास भी!" मग छावणीतली सगळी मंडळी, मग मुखवटेवाले, झूलवाले. बघता बघता मंडपभर दिवे लागले.

"आणि मित्रांनो," लतिका म्हणाली, "घराघरात दिवे लागले, तेव्हा त्या सावलीला पडायला जागाच उरली नाही."

पुढचा गजर मी शब्दांत सांगू शकत नाही. माझ्याखालची परात थरथरत होती. मतमोजणी झाली आणि आम्ही जिंकलो! सगळ्यात आधी टाळ्या अंशुमनने वाजवल्या. लतिकाने त्याला पुढच्या भागात खेळायला बोलावले आणि नवा फासा पुढे केला. तो लाजत म्हणाला, "जुना मिळेल का?"

घरी आल्यावर राजाभाऊंनी मला उजेडात धरले. "हे भोक आता नीट भरता येईल. अर्ध्या तासाचं काम," ते म्हणाले.

"हात तर लावून बघा!" नीरजाताई स्वयंपाकघरातून कडाडल्या. राजाभाऊ हसले. त्यांनी बोटभर तेल घेतले आणि मला नुसतेच पुसून परातीत ठेवले.

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादी खोट असलेली वस्तू असेल. तिला फेकण्याची घाई करू नका. तेलाचे बोट लावा, हाताशी ठेवा, कामाला लावा. मला गुळगुळीत होऊन कोनाड्यात बसायचे नाही. मला टाकले जायचे आहे. आजही मी खणखणत पडतो, थरथरतो आणि तीनवर येऊन थांबतो. कुणी हळहळत नाही. परातीभोवतीची सगळी डोकी पुढे सरकतात आणि एका सुरात विचारतात, "बरं, पुढे काय झालं?"