सॅटिनवरच्या तीन रेघा

आमच्या शाळेच्या वाद्यवृंदात डबल बास हे जाड तारांचं भलंमोठं वाद्य वाजवायला कुणी तयार नव्हतं, म्हणून तो मला मिळाला. खरं तर मी त्याला मिळाले. माझ्यापेक्षा वीतभर उंच, जिन्यावरून न्यायला दोघं लागतात, आणि वर्गातली मुलं त्याला कपाट म्हणतात. म्हणून मी कपाटवाली. गेल्या वर्षीपर्यंत मी हजेरीला 'हजर' म्हटलेलं माझ्या शेजारणीलाही ऐकू जायचं नाही. आता मी कपाटाला मिठी मारून उभी राहते आणि पायाखालची फरशी थरथरते. कपाटवाली तर कपाटवाली.

फुकटात काही झालं नाही हे. पहिले तीन आठवडे डाव्या हाताच्या बोटांवर फोड आले, फुटले, फुटलेल्यावर पुन्हा आले. उजव्या हाताची तर्जनी तार छेडून छेडून सोलली. खांदा असा भरून यायचा की सकाळी कंगवा डोक्यापर्यंत नेण्याऐवजी मी डोकंच कंगव्यापर्यंत न्यायची. आई एकदा ते बघून म्हणाली, "हातांची वाट लागली तर मी शाळेत येऊन वाद्यवृंदातून तुझं नाव काढून घेईन. नंतर रडायचं नाही."

मग घट्टे आले. पिवळट, टणक, एकेका बोटावर चण्याच्या डाळीएवढे. बाकावर बोटं आपटली की टक टक वाजायची, आणि मी ती दिवसभर आपटायची. वाद्यवृंदाच्या सरांनी तीन गोष्टी सांगितल्या होत्या : फोड फोडायचा नाही, घट्टा सोलायचा नाही, वाजवण्याआधी हात पाण्यात घालायचे नाहीत. तिसरी मी घरी जरा मोठ्याने सांगितली आणि भांडी घासण्यातून सुटले.

घरात पुढची खोली आईच्या शिवणकामाची. दोन मशीनं, कापायचं टेबल, इस्त्री आणि मावशी. मावशी नात्याने आमच्या कुणी नाहीत, नऊ वर्षं आईकडे कामाला आहेत. त्यातली बहुतेक वर्षं त्यांनी दाराजवळच्या स्टुलावर बसून कोटांची काजं केली. तीन महिन्यांपूर्वी आईने त्यांना खिडकीजवळ, सॅटिनवर बसवलं. आमच्याकडे ही मोठी बढती. मावशी त्या दिवशी नखं कापून, ठेवणीतली साडी नेसून आल्या होत्या.

रविवारी एका गिऱ्हाइकाच्या निळ्या सॅटिनच्या झग्याची तुरपाई होती. घेर मोठा, म्हणून एका बाजूने मावशी आणि दुसऱ्या बाजूने मी. उजव्या हातात सुई, डावा हात कापडाखालून सरकवत न्यायचा. मी दहा वर्षांची असल्यापासून हे करतेय, त्यामुळे हात करत होते आणि डोक्यात येत्या शनिवारचा कार्यक्रम वाजत होता. त्यात एका जागी बाकी सगळे थांबतात आणि मी एकटी वाजवते. तिथेच होते मी, तेव्हा बोटांखाली काहीतरी खर्र झालं. टाचणी असेल, म्हटलं, आणि पुढे गेले.

सोमवारी शाळेतून आले तर आई तो झगा दिव्याखाली धरून उभी होती. समोर मावशी.

"हात दाखवा बघू," आई म्हणाली.

मावशींनी हात पुढे केले. घरी सात माणसांची धुणीभांडी करणारे हात, कडेला चिरा पडलेले.

"हे बघा. धागे ओढले गेलेत. इथे, इथे आणि इथे. सॅटिनला मऊ हात लागतात हो, मावशी. चूक माझीच, मी घाई केली. उद्यापासून तुम्ही काजंच बघा."

"बरं, ताई," मावशी म्हणाल्या आणि आपली कात्री उचलून दाराजवळच्या स्टुलावर नेऊन ठेवली.

मी दप्तर पाठीवर घेऊनच जवळ गेले. कापडावर तीन बारीक रेघा होत्या, शेजारी शेजारी. मी त्यांच्यावर बोटं ठेवली नाहीत. गरजच नव्हती. ते अंतर मला पाठ होतं.

तोंड उघडायला काय लागतं. चारशे लोकांसमोर एकटी वाजवणार होते मी. पण आईचं ते 'नाव काढून घेईन' कानात होतं, शनिवार पाच दिवसांवर होता, आणि माझ्या हातांकडे कुणी बघतसुद्धा नव्हतं. भांडी न घासणारे माझे हात मऊच असणार हे आईच्या डोक्यात पक्कं बसलेलं. मी आत गेले आणि पोहे खाल्ले, दोनदा घेऊन.

मंगळवारी मावशींनी मला दारातच थांबवलं. "खांदा कसा आहे गं?"

"बरा आहे."

"गरम पिशवी ठेव. आणि वाकून नको वाजवूस, मोठी झालीस की कंबर बोलेल." त्यांच्या मांडीवर जाड कोट होता आणि दोन्ही हातांना तेल चोपडलेलं होतं. कोटाला तेल लागू नये म्हणून बोटांच्या टोकांना त्यांनी चिंध्या बांधल्या होत्या. मी हो म्हटलं आणि पळाले.

बुधवारी तालमीत मी तारा अशा ओढल्या की पुढे बसलेल्या बासरीवाल्या दोघी वळून बघायला लागल्या. माझ्या एकटीच्या जागेपर्यंत पोचले आणि उजव्या तर्जनीवरचा नवा फोड फुटला. तारेवर ओलं लागलं. मी तरीही वाजवत राहिले.

सरांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. "कपाटवाली, कुणाशी भांडतेयस?"

"कुणाशी नाही, सर."

"मग त्या तारेने तुझं काय घोडं मारलंय? जा, बोट धू, पट्टी लाव आणि घरी जा. शनिवारी मला तुझं बोट हवंय, सालपट नको."

घरी आले. आई कापत होती, मावशी काजं करत होत्या. थांबले असते तर पुन्हा पोहे खाल्ले असते, म्हणून मी सरळ चिंध्यांच्या टोपलीतून निळ्या सॅटिनचा तुकडा काढला, टेबलावर पसरला आणि त्यावरून डाव्या हाताची बोटं ओढली.

खर्र.

आईची कात्री थांबली. मी परत ओढली. तीन रेघा.

"रविवारी ती बाजू माझी होती," मी म्हटलं. "मावशींची नव्हती."

आईने माझा हात ओढून घेतला आणि अंगठ्याने एकेक घट्टा चाचपला. "तुला कधी कळलं?"

"सोमवारी."

"आज बुधवार आहे."

मला वाटत होतं, आता मावशी म्हणतील, जाऊ द्या ताई, लेकरू आहे. त्या नेहमी तेच म्हणतात. मी बरणी फोडली तेव्हा म्हणाल्या होत्या, इस्त्री पालथी पाडली तेव्हाही.

मावशी बोटांवरच्या चिंध्या सोडत होत्या. "तीन दिवस मी या हातांकडे बघतेय," त्या म्हणाल्या. "सुनेला सांगितलं, भांडी तू घास, माझे हात कामाचे राहिले नाहीत. तिने घासली. वर घरभर ऐकवलंन. आणि मला खरंच वाटलं गं, माझ्याच हातांनी झालं म्हणून."

"मावशी, मी..."

"तुला माहीत होतं. काल मी तुझा खांदा विचारत होते तेव्हा."

आई म्हणाली, "मावशी, मी न विचारता तुमच्यावर ढकललं. चुकले मी. खिडकीजवळ या. झग्याचा हा पुढचा भाग नवीन कापायचा आहे, शुक्रवारपर्यंत तुम्हीच करा."

मावशी लगेच उठल्या नाहीत. "आणि हे कोट? पाच कोट, तेही शुक्रवारीच जायचेत."

"ही करेल," आई म्हणाली. "सॅटिनला ती आता हात लावणार नाही. जाड कापडाला घट्टे चालतात."

मी विचारलं, "आणि शनिवार?"

"ते मला नको विचारूस," आई म्हणाली.

मी मावशींकडे बघितलं. त्यांनी मांडीवरचा कोट स्टुलावर ठेवला आणि उठल्या. "वाजव की. मी कुठे अडवलंय?" असं म्हणाल्या, पण माझ्याकडे न बघता. त्यांनी मला खूप झापलं असतं तर बरं झालं असतं.

मी स्टुलावर बसले. काजाचा टाका घालताना सुई उजव्या तर्जनीने रेटावी लागते, बरोब्बर जिथे पट्टी होती तिथे. तिसऱ्या टाक्याला पट्टी ओली झाली. अर्ध्या तासात एक काज झालं. ते घेऊन मी खिडकीजवळ गेले.

मावशींनी ते उजेडात धरलं, उलटं केलं, नखाने कड तपासली. मग कात्रीच्या टोकाने एकेक टाका उसवला आणि कोट माझ्या हातात दिला.

"परत," त्या म्हणाल्या आणि सॅटिनवर वाकल्या.